भरावाचा पहिला दिवस, खोदकामाचे तिसावे वर्ष

इटलीतल्या पिसा गावचा मनोरा बघायला गेलेला प्रत्येकजण तो का कलला हे विचारतो. तो पडला का नाही, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. मनोऱ्याचे वजन सुमारे १४,५०० टन. पाया गोल, व्यास जेमतेम १९.६ मीटर. म्हणजे पायाखालच्या दर चौरस मीटरवर ५० टनांच्या आसपास भार येतो. खाली पहिल्या १० मीटरपर्यंत गाळवट माती आणि त्याखाली समुद्रतळाशी साचलेली मऊ चिकणमाती आहे. स्थानिक लोक तिला पांकोने म्हणतात. आजच्या कोणत्याही अभियंत्याने हा हिशेब मांडला तर इतका भार ही माती पेलणार नाही, असेच उत्तर येईल. आणि ते उत्तर बरोबर आहे, फक्त एका अटीवर: मनोरा एका दमात बांधला असता तर. तो तसा बांधला गेला नाही. काम ११७३ मध्ये सुरू झाले आणि ११७८ मध्ये चौथ्या मजल्यावर असताना थांबले. पुढे १२७२ पर्यंत त्यावर एक दगड चढला नाही. १२७२ ते १२७८ या सहा वर्षांत सातव्या मजल्यापर्यंत बांधकाम झाले आणि पुन्हा थांबले. वरचे घंटाघर १३६० ते १३७० या काळातले. जवळजवळ दोनशे वर्षांच्या या कथेत प्रत्यक्ष बांधकामाची वर्षे वीस-एकवीस, बाकीची पावणेदोनशे वर्षे नुसती थांबण्याची. मनोरा सावरण्यासाठी इटलीच्या सरकारने नेमलेल्या समितीतले मृदायांत्रिकीचे अभ्यासक जॉन बर्लंड यांनी दाखवून दिले, की दोनपैकी कोणत्याही टप्प्यावर काम तसेच रेटले असते तर खालची चिकणमाती घसरली असती आणि मनोरा तिथेच आडवा झाला असता. पिसाच्या लढायांनी आणि अडचणींनी कामात जो खंड पाडला, त्या खंडात माती घट्ट होत गेली.

चिकणमातीची ताकद पोलादाच्या किंवा बेसाल्टच्या ताकदीसारखी तिच्या अंगची ठरलेली गोष्ट नसते. तिच्यावर आजवर किती दाब आला, तो किती काळ राहिला, नंतर तो काढून घेतला का, आणि काढून किती काळ लोटला, या सगळ्यावर ती अवलंबून असते. त्यामुळे मातीच्या ताकदीचा एकच आकडा देणारा अहवाल अर्धीच माहिती देतो. उरलेली अर्धी माहिती त्या मातीच्या गतकाळात असते आणि ती शोधावी लागते. हे अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत आहेच. पण घर घेणारे, रस्त्याकडेने चर खणून घेणारे आणि जमीन भरून बांधणारे आपण सगळे अजूनही मातीकडे एक निर्जीव, अपरिवर्तनीय वस्तू म्हणून पाहतो, आणि त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजली जाते. म्हणून हा विषय पुस्तकाबाहेर यायला हवा.

माती कशी हरते, हे आधी पाहू. डोंगरउतार कोसळतो, भराव खचतो, खड्ड्याची बाजू आत येते, इमारत एका अंगाला बसते, तेव्हा माती चिरडली गेलेली नसते. तिचा एक भाग दुसऱ्या भागावरून घसरलेला असतो. या घसरण्याला माती जो विरोध करते त्याला शिअर स्ट्रेंग्थ म्हणतात. पुस्तकी मराठीत कर्तन सामर्थ्य. मातीचे कण एकमेकांवर जितके घट्ट रेटलेले असतील तितका हा विरोध जास्त. आता अडचण अशी, की चिकणमातीच्या कणांमधल्या जागा पाण्याने भरलेल्या असतात. हे कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागापेक्षाही लहान आणि पापुद्र्यासारखे चपटे असतात, त्यामुळे त्यांच्यामधून पाणी अतिशय सावकाश वाहते. वाळूतून जे पाणी क्षणात निघून जाते, त्याला तेवढ्याच जाडीच्या चिकणमातीतून निघायला महिने, वर्षे, कधी दशके लागतात. वरून भार टाकला की तो प्रथम या अडकलेल्या पाण्यावर पडतो, कणांवर नाही. आणि पाणी घसरण्याला विरोध करत नाही. भार टाकल्याच्या दिवशी माती पूर्वीइतकीच अशक्त असते, फक्त आता तिच्या डोक्यावर ओझे आलेले असते.

हे समजायला प्रयोगशाळेची गरज नाही, श्रीखंडासाठी टांगलेला चक्का पुरे. दही फडक्यात बांधले आणि वर वरवंटा ठेवला, तर पहिल्या क्षणी वरवंट्याचा भार निवळीवर असतो. निवळ थेंबथेंब बाहेर पडते तसतसा भार दह्याच्या घट्ट भागाकडे सरकतो आणि तो घट्ट भाग आणखी घट्ट होतो. दुसऱ्या दिवशी वरवंटा उचलला तरी चक्का पुन्हा दही होत नाही. रात्रभर सोसलेल्या दाबाची खूण त्यात राहते. पण तोच चक्का पाण्यात ठेवला तर तो कडेकडेने पाणी घेतो आणि हळूहळू सैल पडत जातो. चिकणमातीच्या बाबतीत यातली प्रत्येक पायरी खरी आहे. पाणी निघून माती दबून घट्ट होण्याच्या क्रियेला कन्सॉलिडेशन म्हणतात. कार्ल टेर्झागी यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात इस्तंबूलच्या रॉबर्ट कॉलेजात अगदी साध्या साधनांनी प्रयोग करून या क्रियेचे गणित मांडले, आणि १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने मृदायांत्रिकी हे शास्त्र उभे राहिले. एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा केल्यावर जो उरतो तोच मातीची ताकद ठरवतो, हे त्यांचे सूत्र एका वाक्यात मावते. शंभर वर्षांत ते फारसे हललेले नाही.

माती आपला भूतकाळ कसा सांगते? जमिनीतून काढलेला चिकणमातीचा नमुना धातूच्या कड्यात बसवून त्याच्यावर टप्प्याटप्प्याने, प्रत्येक वेळी दुप्पट करत, भार चढवतात आणि तो किती दबला ते मोजतात. सुरुवातीला नमुना फारसा दबत नाही. मग एका ठराविक दाबानंतर आलेख एकदम खाली वळतो आणि माती भराभर दबू लागते. हे वळण जिथे येते तोच, ढोबळमानाने, त्या मातीने आयुष्यात सोसलेला सर्वांत मोठा दाब. तिथपर्यंतचे ओझे तिच्या ओळखीचे असते, त्यापुढचे नवे. आर्थर कासाग्रांडे यांनी १९३६ मध्ये हा बिंदू आलेखावरून काढण्याची रीत दिली आणि ती आजही चालते. हा आकडा इतका मोलाचा का, ते एका हिशेबावरून कळेल. पाण्याखालच्या मऊ चिकणमातीत १० मीटर खोलीवर कणांवर येणारा दाब चौरस मीटरला साधारण ६ टन धरू. मातीने याहून जास्त दाब कधीच सोसलेला नसेल, तर तिची पाणी न निघता मोजलेली ताकद त्या दाबाच्या साधारण ०.२२ पट, म्हणजे १.३ टनांच्या आसपास निघते. आता दुसरी माती घ्या: तीच खनिजे, तीच खोली, आजचा दाबही तोच ६ टन. पण हजारो वर्षांपूर्वी तिच्यावर याच्या चौपट ओझे होते आणि नंतर ते धुपून गेले. तिची ताकद जवळजवळ ४ टन भरते. आज दोघींच्या डोक्यावर सारखेच ओझे असताना ताकद तिप्पट! अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये चार्ल्स लॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये हे नाते ज्या सूत्रात बांधले, त्यात मातीचा आजचा दाब आणि तिने पूर्वी सोसलेला दाब या दोघांनाही जागा द्यावी लागली.

पिसाकडे परत जाताना एक आक्षेप आधीच विचारात घ्यायला हवा. मनोरा तर कललाच आहे. मग माती घट्ट झाली म्हणून त्याला वाचवले असे म्हणणे कितपत योग्य? इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. माती घसरून बांधकाम एका क्षणात कोसळणे वेगळे, आणि मऊ जमिनीवर उंच बांधकाम कलत जाणे वेगळे. मऊ गालिच्यावर विटांचा मनोरा रचत गेले तर एका उंचीनंतर तो कलतोच, गालिचा कितीही मजबूत असला तरी. कारण तिथे प्रश्न दबण्याचा असतो. पिसाचे कलणे बरेचसे या दुसऱ्या प्रकारचे आहे आणि मधल्या विश्रांतीने ते थांबले नाही. पण त्या विश्रांतीने पहिले, तत्काळ मारक ठरणारे संकट टाळले. म्हणून तर १९९९ ते २००१ या काळात उत्तरेच्या बाजूखालची माती थोडी थोडी काढून मनोऱ्याचा कल अर्ध्या अंशाने कमी करता आला. कोसळलेल्या मनोऱ्यावर असा उपचार करता येत नाही.

घाईत भार टाकला तर काय होते, याचा नमुना कॅनडात आहे. विनिपेगजवळच्या ट्रान्सकोना इथे कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने काँक्रीटचे एक प्रचंड धान्यकोठार बांधले. एका जाड काँक्रीट तळावर ६५ गोल कोठ्या उभ्या केलेल्या. रिकाम्या इमारतीचेच वजन २०,००० टन. १९१३ च्या सप्टेंबरात गहू भरायला सुरुवात झाली आणि १८ ऑक्टोबरला इमारत खचू लागली. चोवीस तासांत ती जवळजवळ २७ अंशांनी कलून थांबली. कोठ्या मात्र अखंड राहिल्या, इतक्या की पुढे खालून आधार देऊन सगळी इमारत सरळ करण्यात आली आणि ती वापरात राहिली. बांधणाऱ्यांनी जमीन तपासली नव्हती असेही नाही. खड्ड्याच्या तळाशी भार टाकून पाहिला होता आणि तिथली माती चांगली कणखर निघाली होती. इथेच इतिहासाचा मुद्दा येतो. हा सगळा प्रदेश हिमयुगाच्या अखेरीच्या एका विशाल सरोवराच्या तळाचा. सरोवर आटल्यावर वरची माती उन्हावाऱ्याने सुकली. सुकणे हेही मातीला दाबणेच आहे, कारण आटणारे पाणी कणांना एकमेकांकडे ओढते. त्यामुळे वरचा थर कडक झाला. खालच्या थरापर्यंत हे सुकणे कधी पोचलेच नाही आणि तो मऊ राहिला. चाचणी वरच्या थराची झाली, भार दोघांवर गेला. चार दशकांनंतर राल्फ पेक आणि त्यांच्या सहकाऱ्याने तिथे खोल बोअर घेऊन दोन्ही थरांची ताकद मोजली, तेव्हा हिशेबाने जो भार जमीन पेलू शकत होती आणि जो प्रत्यक्ष पडला होता, ते दोन्ही आकडे जवळजवळ जुळले. शास्त्र चुकलेले नव्हते. जमिनीचा पूर्वेतिहास कुणी विचारला नव्हता.

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल, की मग वेळ हा मातीचा मित्रच आहे. थांबा आणि सगळे ठीक होईल. हा समज सर्वांत घातक आहे. वेळ मित्र होतो तो ओझे चढवल्यावर. ओझे काढल्यावर तोच वेळ उलट्या दिशेने काम करतो. याचा सर्वांत चांगला अभ्यास लंडनमध्ये झाला आहे. लंडन शहराखाली सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात साचलेली निळसर करडी चिकणमाती आहे. तिच्यावर एके काळी दीड-दोनशे मीटर किंवा त्याहूनही जाड गाळाचे थर होते. पुढे ते धुपून गेले. इतका दाब सोसलेली ही माती आज कणखर आहे, आणि थेम्सच्या उत्तरेला भुयारी रेल्वेचे जाळे इतके दाट पसरले त्याचे एक कारण हेच, की या मातीत बोगदा खणणे सोपे जाते. अशी माती म्हणजे अभियंत्याचे भाग्यच वाटावे. पण रेल्वेमार्गांसाठी या मातीत जे उतार कापले ते वर्षानुवर्षे नीट उभे राहून मग घसरू लागले. केन्सल ग्रीनची आधारभिंत १९१२ ची. तिच्यामागची माती १९४१ मध्ये सरकली, २९ वर्षांनी. नॉर्थोल्टचा १९३६ मध्ये कापलेला उतार १९५५ मध्ये गेला, १९ वर्षांनी. यात भूकंप नाही, नवे ओझे नाही, उतारात बदल नाही. मग २९ वर्षे जे उभे राहिले ते तिसाव्या वर्षाला का राहू नये?

उत्तर पुन्हा पाण्यातच आहे. वरची माती खणून काढली की खालच्या दाबलेल्या मातीला फुगावेसे वाटते. फुगायला पाणी हवे, आणि ते तर सावकाश येते. तोवर मातीच्या आत एक ओढ तयार होते, पाण्याचा दाब शून्याखाली जातो, आणि ही ओढ कणांना एकमेकांशी घट्ट धरून ठेवते. नुकताच खणलेला उतार या उसन्या ताकदीवर उभा असतो. वर्षामागून वर्षे पाणी झिरपत येते, ओढ कमी होते, ताकद उतरत जाते आणि एके दिवशी उताराच्या वजनाला ती पुरी पडत नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ॲलेक स्केम्प्टन यांनी अशा अनेक घसरणींची मोजणी केली. सुरुवातीला त्यांना वाटले होते की मातीतल्या बारीक भेगांमधून पाणी शिरून मातीच मऊ होत असावी. पुढे १९७३ मध्ये पीटर वॉन आणि वॉलबँक यांनी कापलेल्या उतारात पाण्याचा दाब प्रत्यक्ष मोजून दाखवले, की खणल्यानंतर कित्येक वर्षांनीही तो दाब पूर्ववत झालेला नसतो. स्केम्प्टन यांनी १९७७ मध्ये आपले आधीचे स्पष्टीकरण बदलले आणि उशिराचे मुख्य कारण हेच असल्याचे मान्य केले. आपल्याच तीस वर्षांच्या मांडणीत अशी दुरुस्ती करणारा शास्त्रज्ञ मला फार मोठा वाटतो. यातून निघालेला नियम प्रत्येक बांधकाम व्यावसायिकाने घरात लिहून लावावा असा आहे. मऊ मातीवरच्या भरावाला पहिला दिवस सर्वांत धोक्याचा. तो निभावला तर दर दिवशी धोका कमी होतो. कणखर मातीतल्या खोदकामाला पहिला दिवस सर्वांत सुरक्षित; पुढचा प्रत्येक दिवस त्याहून वाईट. ‘आज उभे आहे ना?’ या प्रश्नाच्या ‘हो’ या उत्तराचा अर्थ दोन्ही ठिकाणी अगदी उलट निघतो.

आता या मांडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप. केंब्रिजमध्ये रॉस्को, स्कोफील्ड आणि रॉथ यांनी १९५८ मध्ये दाखवले, की कोणतीही चिकणमाती पुरेशी सरकवत नेली तर ती अखेर अशा अवस्थेला पोचते जिथे तिचा इतिहास पुसला जातो. पूर्वी कितीही दाबलेली असो वा नसो, घसरत राहिल्यावर ती सारखीच वागू लागते. स्केम्प्टन यांनी १९६४ च्या आपल्या रँकिन व्याख्यानात याच्याही पुढची गोष्ट सांगितली: एकाच पातळीवर खूप घसरल्यावर चपटे कण घसरण्याच्या दिशेने आडवे लागतात, ताकद खूपच खाली येते, आणि या तळच्या ताकदीवर मातीने पूर्वी सोसलेल्या दाबाचा काहीही परिणाम नसतो. मग इतिहासाला एवढे महत्त्व कशासाठी? तळची ताकद धरूनच सगळी बांधकामे करावीत, म्हणजे प्रश्नच मिटला. हा युक्तिवाद ऐकायला सुरक्षित वाटतो आणि एका ठिकाणी तो खराही आहे: जो डोंगरउतार पूर्वी घसरलेला आहे, त्याच्या जुन्या घसरणपातळीवर फक्त तळची ताकद शिल्लक असते आणि तीच धरली पाहिजे. इतरत्र मात्र तो दोन कारणांनी टिकत नाही. एक, इतिहास पुसला जातो तो घसरल्यानंतर. तिथवर पोचेपर्यंत पाया, भिंत, माणसे सगळे त्यात गेलेले असते. बांधकामाला हवी असते घसरण्यापूर्वीची ताकद, आणि ती इतिहासानेच ठरते. दोन, झटपट घसरणाऱ्या मातीतून पाणी बाहेर पडायला वेळच मिळत नाही. त्यामुळे सगळे विसरल्यावरही तिच्यात नेमके किती पाणी आहे यावर तिची ताकद ठरते. आणि मातीत पाणी किती उरले, हा तर तिने सोसलेल्या दाबाचाच हिशेब आहे. केंब्रिजच्या सिद्धांताने इतिहासाला बाहेर काढलेले नाही. तो मातीत नक्की कुठे लिहिलेला असतो, हे त्याने दाखवले.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. इतिहास कशाला शोधायचा, नमुना काढून थेट ताकदच मोजावी. पण मऊ चिकणमातीचा नमुना जमिनीतून वर येताना ढवळला जातो आणि जी घडण मोजायची तीच बिघडते. वरचा भार सुटल्याने नमुना फुगू पाहतो. शिवाय अगदी अचूक मोजणीही आजची ताकद सांगते. भराव पडल्यावर सहा महिन्यांनी किंवा खोदकामानंतर वीस वर्षांनी ती किती असेल, हे सांगायला मागचा दाब, पुढचा दाब आणि पाण्याचा वेग यांचाच हिशेब लागतो. दाबाचा इतिहास हा मातीचा संपूर्ण इतिहास नव्हे, हेही इथे कबूल केले पाहिजे. नॉर्वेतल्या रिसा इथे २९ एप्रिल १९७८ रोजी एका शेतावर सुमारे ७०० घनमीटर माती खणून तळ्याकाठी टाकली गेली, आणि त्या क्षुल्लक भाराने ५० लाख घनमीटरहून जास्त जमीन पातळ होऊन वाहत गेली. तिथला दोष दाबात नव्हता. समुद्रात साचलेली ती माती हिमयुगानंतर वर उचलली गेली, पावसाच्या गोड्या पाण्याने तिच्यातले मीठ हजारो वर्षे धुऊन नेले आणि कणांची घडी पत्त्यांच्या बंगल्यासारखी नाजूक झाली. दाबासोबत मिठाचाही इतिहास असतो, एवढी भर माझ्या मांडणीत घालावी लागते.

आपल्या किनाऱ्यावर या सगळ्याचा संबंध थेट आहे. मुंबई, ठाणे, पनवेल, उरण इथल्या खाड्यांच्या काठची राखाडी-काळी चिकणमाती भूशास्त्राच्या मानाने कालची आहे. हिमयुग संपून समुद्र वर आल्यावर गेल्या दहा हजार वर्षांत साचलेली. तिच्या डोक्यावर तिच्या स्वतःच्या वजनाशिवाय कधी काहीच आले नाही. म्हणून ती इतकी मऊ आहे, की खाजणात डंपरने एका रांगेत भराव टाकत गेले तर काही मीटर अंतरावर चिखल उसळून वर येतो. तो उसळलेला चिखल म्हणजे खालची माती घसरल्याचा पुरावा. अशा जमिनीवर शहाणपणाचा मार्ग पिसाचाच, पण पावणेदोनशे वर्षे कुणाकडे आहेत? इथे टेर्झागींच्या गणितातली एक गोष्ट कामी येते: पाणी निघायला लागणारा वेळ त्याच्या वाटेच्या लांबीच्या वर्गाने वाढतो. वाट निम्मी केली तर वेळ चौथाई. म्हणून मातीत दर मीटर-दीड मीटरवर उभ्या निचरा-पट्ट्या ठोकतात. एका पट्टीची रुंदी साधारण १० सेंटिमीटर, जाडी काही मिलिमीटर. स्वीडनच्या वॉल्टर शेलमन यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला अशा पट्ट्या पुठ्ठ्याच्या केल्या होत्या. आता त्या प्लास्टिकच्या असतात. पाणी तळापर्यंतची लांब वाट सोडून आडवे, जवळच्या पट्टीत शिरते आणि वर येते. मग भराव थोडा टाकायचा, थांबायचे, पाण्याचा दाब पीझोमीटरने पाहायचा, तो उतरला की पुढचा थर. न्हावा-शेवा बंदराच्या परिसरात कंटेनर यार्डांसाठी ही पद्धत वापरली गेली आहे. पिसाच्या गवंड्यांना नकळत लाभलेला वेळ इथे मोजूनमापून विकत घेतला जातो, दशकांच्या जागी महिन्यांत.

हा वेळ विकत घेण्यावरच घोडे अडते. थांबण्याचे सहा महिने म्हणजे कर्जाचे व्याज, यंत्रांचे भाडे, ग्राहकांना दिलेली तारीख. आक्षेप खोटा नाही. त्यावर एक ठरीव तोडगा म्हणजे सुरक्षिततेचा गुणांक वाढवून घेणे, मोजलेल्या ताकदीला तीनने भागून मोकळे होणे. पण गुणांक मोजणीतली अनिश्चितता झाकतो, चुकीचा प्रश्न झाकत नाही. ट्रान्सकोनात वरच्याच थराची ताकद मोजली गेली होती. तिला कितीही आकड्यांनी भागले तरी खालचा थर कागदावर आलाच नसता. आणि लंडनच्या उतारांसाठी पहिल्या वर्षीच्या ताकदीला दीडने भागणारा माणूस तिसाव्या वर्षाबद्दल काहीच बोलत नसतो. खर्च टाळायचाच असेल तर तो चाचण्यांत टाळू नये. एका इमारतीच्या खर्चापुढे चार बोअर आणि काही कन्सॉलिडेशन चाचण्या किरकोळ आहेत.

दख्खनच्या काळ्या मातीचे प्रकरण याहून वेगळे आणि तितकेच बोधक आहे. ती दरवर्षी आपला इतिहास नव्याने लिहिते. वैशाखात ती सुकून भेगाळते, सुकण्याच्या ओढीने कण आवळले जातात आणि पहार मारली तर खण्ण आवाज यावा इतकी ती कडक होते. श्रावणात तीच माती पाणी पिऊन फुगते आणि पायाला चिकटून वर येते. मे महिन्यात घेतलेल्या नमुन्याची ताकद खरी असते, पण ती मे महिन्याची असते. आपले जुने गवंडी काळी माती काढून टाकून मुरूम लागेपर्यंत पाया खाली नेतात. त्यामागे पिढ्यांची पारख आहे आणि शास्त्राच्या कसोटीला ती उतरते.

पायापेक्षाही जास्त काळजी वाटते ती चरांची. मलनिस्सारण वाहिनी, पाण्याची पाइपलाइन, इमारतीचे तळघर यांसाठी आपल्या शहरांत उभ्या भिंतींचे खड्डे खणले जातात आणि त्यांत मजूर उतरतात. खणल्या दिवशी चिकणमातीची भिंत सरळ उभी राहते, म्हणून मुकादम आधार लावत नाही. दोन दिवसांनीही उभी असते, म्हणून भरवसा वाढतो. वर सांगितलेला नियम इथे वर्षांच्या ऐवजी तासा-दिवसांत घडतो, कारण वरची माती भेगाळलेली असते, पाणी लवकर आत येते, आणि एक सर पडली की उरलीसुरली ओढ संपते. मग जी भिंत काल उभी होती ती आज माणसांवर येते. काल उभी होती हा तिच्या बाजूचा पुरावा नव्हताच. तो एक दिवस कमी झाल्याचा हिशेब होता.

म्हणून वाचकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. तुमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा माती-परीक्षण अहवाल समोर आला, तर ‘एसबीसी (जमिनीची सुरक्षित भारक्षमता) किती?’ एवढ्यावर थांबू नका. बोअर किती खोल गेले, नमुने कोणत्या महिन्यात काढले, खाली चिकणमाती असेल तर तिची कन्सॉलिडेशन चाचणी झाली का आणि तिने पूर्वी सोसलेला दाब किती निघाला, हे विचारा; उत्तर अहवालात नसेल तर ते मिळेपर्यंत सही करू नका. आणि तुमच्या रस्त्यावर दीड मीटरहून खोल चर आधाराविना खणलेला दिसला, त्यात माणूस उतरत असेल, तर त्याला आधी वर बोलवा. इतक्या खोल चराला आधार दिलाच पाहिजे, असे भारतीय मानकही सांगते.